घरच्या अंगणात मधपेटी: मुले असलेल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुले किती वर्षांची झाली की मधपेटी आणावी?

हा प्रश्न मुलांच्या वयापासून सुरू होतो, पण त्याचे उत्तर घरातल्या मोठ्या माणसापाशी येऊन थांबते. घरात किमान एका प्रौढ व्यक्तीला मधमाश्यांची स्वतःहून ओढ असेल, मुलांचा उत्साह आठ दिवसांत ओसरला तरी पुढची दोन-तीन वर्षे पेटी सांभाळण्याची तिची तयारी असेल, तरच या वाटेला जावे. मुलांच्या हट्टापायी आणलेली आणि मग कोणाचीच न उरलेली पेटी उपाशी मरते किंवा शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप होते.

पाच वर्षांखालील मुलांनी पेटीच्या जवळ जाण्याचे काही कारण नाही. त्यांनी लांबून पाहावे. सहा-सात वर्षांचे मूल सांगितलेल्या जागी दहा मिनिटे स्वस्थ बसू शकत असेल, तर ते बाजूला बसून माश्यांची ये-जा पाहू शकते. उघडलेल्या पेटीपाशी तोंडावर जाळीचा बुरखा घालून उभे राहायला मी साधारण नऊ-दहा वर्षे धरतो, पण इथे वयापेक्षा स्वभाव महत्त्वाचा आहे. अंगावर माशी बसल्यावर हात झटकून ओरडणाऱ्या बारा वर्षांच्या मुलापेक्षा तिच्याकडे टक लावून पाहणारी आठ वर्षांची मुलगी पेटीजवळ अधिक सुरक्षित असते.

घरात कोणाला डंखाची ॲलर्जी असली तर?

पेटी आणण्यापूर्वीच हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे, विशेषतः घरात कोणाला पूर्वी एखाद्या डंखानंतर सर्व अंगावर पित्त उठले असेल, श्वास लागला असेल किंवा भोवळ आली असेल तर. अशी व्यक्ती त्याच घरात राहत असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दाखवल्याशिवाय पेटी आणूच नये. पहिल्या डंखाला काही झाले नाही म्हणून पुढेही काही होणार नाही, असेही धरून चालता येत नाही, कारण ॲलर्जी मागाहूनही उद्भवू शकते.

डंख झालेल्या जागी वेदना, लाली, सूज आणि दुसऱ्या दिवशी खाज ही सामान्य प्रतिक्रिया आहे. हाताला चावल्यावर मनगट सुजले, तरी ती स्थानिक सूजच असते. याउलट डंखापासून दूरच्या अंगावर पित्त उठणे, ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, श्वास घेताना घरघर होणे, वारंवार उलटी होणे, चक्कर किंवा बेशुद्धी ही गंभीर लक्षणे आहेत. ती दिसल्यास वाट न पाहता तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी, आणि डॉक्टरांनी ॲड्रिनॅलिनचे तयार इंजेक्शन दिलेले असेल तर ते आधी टोचावे. तोंडाच्या आत किंवा घशात डंख झाला असेल, अथवा एकाच वेळी बरेच डंख झाले असतील, तर लक्षणे सौम्य वाटली तरी रुग्णालय गाठावे.

माशी चावलीच तर लगेच काय करायचे?

कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत ती अडकली की माशी उडताना नांगी आणि विषाची पिशवी मागे राहतात, माशी मरते, आणि ती पिशवी एकटीच काही क्षण विष ढकलत राहते. म्हणून नांगी नखाने खरवडावी की चिमटीत धरून उपटावी, यावर खल करण्यात वेळ घालवू नये. हाताला येईल त्या रीतीने ती ताबडतोब काढावी. त्यानंतर पेटीपासून शांतपणे चालत दूर जावे, जागा धुवावी आणि थंड फडके ठेवावे.

दूर जाण्याचे कारण मुलांना सांगण्यासारखे आहे. डंखासोबत धोक्याची सूचना देणारा एक गंध सुटतो आणि त्यामुळे इतर माश्याही तिथेच चाल करून येतात. त्या गंधातला मुख्य घटक पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो. आमच्याकडे पेटी उघडण्याच्या दिवशी मुलांनी केळे खायचे नाही असा नियम आहे. खबरदारी म्हणून तो थोडा अतिरेकी असेल, पण त्या निमित्ताने मुलांच्या डोक्यात गंधाची भाषा पक्की बसली.

अंगण लहान आहे. पेटी ठेवायची कुठे?

पेटीला स्वतःला जागा फार लागत नाही. लागते ती तिच्या दारासमोरची मोकळी वाट. माश्या दारातून निघून तिरक्या रेषेत वर चढतात आणि परतताना त्याच वाटेने उतरतात. ही वाट खेळण्याच्या जागेवरून, पायवाटेवरून किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीसमोरून जाता कामा नये. दारापुढे एक-दोन मीटरवर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच कुंपण किंवा दाट झुडपांची रांग असेल, तर माश्यांना तिथूनच वर चढावे लागते आणि पलीकडे त्या डोक्यावरून निघून जातात. लहान अंगणात एवढी एकच गोष्ट निम्मे प्रश्न मिटवते.

दाराला सकाळचे ऊन मिळावे, दुपारच्या कडक उन्हात सावली असावी, जोराचा वारा अडावा आणि खाली पाणी साचू नये. पेटी जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीच्या पक्क्या घडवंचीवर ठेवावी. तिचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. मागच्या बाजूला मोठ्या माणसाला उभे राहून काम करता येईल इतकी जागा सोडावी, कारण पेटी नेहमी मागून किंवा बाजूने हाताळायची असते. आणखी एक, जे मी स्वतः चुकून शिकलो: पेटीचे तोंड कपडे वाळत घालण्याच्या दोरीकडे करू नये. माश्या बाहेर पडताच हवेत शी करतात आणि पांढऱ्या चादरींवर पिवळे ठिपके उठतात, जे सहजासहजी निघत नाहीत.

पाण्याची सोय पहिल्याच दिवशी करावी. पसरट भांड्यात खडे टाकून ते जेमतेम बुडतील इतके पाणी ठेवले, तर माश्यांना खड्यांवर बसून पिता येते आणि त्या बुडत नाहीत. भांडे एकदा तरी कोरडे पडले की त्या शेजाऱ्यांचा हौद शोधतात आणि मग ती सवय मोडत नाही. रोज पाणी भरण्याचे काम सर्वांत धाकट्या मुलाला द्यावे, मात्र भांडे पेटीपासून बरेच दूर असावे.

शेजाऱ्यांना आधी सांगावे की पेटी आल्यावर?

आधी. त्यांच्या घरात कोणाला ॲलर्जी आहे का हे विचारावे, बागेत कीटकनाशक फवारायचे असेल तर आदल्या दिवशी कळवण्याची विनंती करावी, आणि आपल्या भागात पेटी ठेवण्यासंबंधी स्थानिक संस्थेचे काही नियम किंवा नोंदणी आहे का तेही त्याआधीच पाहून ठेवावे.

कोणती माशी निवडावी?

जिथे जी माशी पेटीत पाळण्याची रीत आहे आणि जिचे जाणकार जवळपास भेटतात, ती निवडावी. पेटीत पाळल्या जाणाऱ्या माश्या मुख्यतः दोन: युरोपीय माशी, म्हणजे मेलिफेरा, आणि आशियातली सातेरी. मेलिफेराची वसाहत मोठी होते. भर हंगामात तीत पन्नास-साठ हजार माश्या असू शकतात. सातेरीची वसाहत लहान असते आणि परिस्थिती न रुचल्यास ती पेटी सोडून निघून जाते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. ती पेटीत राहत नाही आणि मुलांनी तिच्या पोळ्याजवळ कधीही फिरकू नये. वसाहत घेताना शांत स्वभावाची मागावी. काही वसाहती मुळात चिडखोर असतात, आणि मुले असलेल्या घरात त्या ठेवण्यात शहाणपण नाही. नवी राणी दिली की काही आठवड्यांत जुन्या माश्या जाऊन वसाहतीचा स्वभाव पालटतो.

एक पेटी ठेवावी की दोन?

जागा आणि ऐपत असेल तर दोन. एकच पेटी असली की तिच्यात दिसते ते ठीक की बिघडलेले, हे नवख्याला कळत नाही. शेजारी दुसरी असली की तुलना होते. शिवाय एकीची राणी गेली, तर दुसरीतली ताजी अंडी असलेल्या पोळ्याची लाकडी चौकट देऊन तिला नवी राणी घडवू देता येते.

साहित्य काय लागते? जुनी पेटी चालेल का?

तळपाट, राणी जिथे अंडी घालते तो खालचा कप्पा, मध साठवण्याचा वरचा कप्पा म्हणजे मधकोठी, चौकटी, त्यांत बसवायची मेणाची पातळ पत्रे म्हणजे मेणपत्रे आणि झाकण, एवढ्याची पेटी होते. सोबत माश्यांना धूर देण्याचे धुराडे, चौकटी उचकटण्याची पटाशी, मऊ ब्रश, आणि घरातल्या जितक्या व्यक्ती पेटीजवळ जाणार तितके बुरखे. मुलांचे बुरखे मुलांच्या मापाचेच घ्यावेत. मोठ्यांचा सैल बुरखा गळ्याशी उघडा राहतो आणि आत शिरलेल्या एका माशीने मुलाची हौस कायमची संपते.

आजच्या पेटीचे मर्म तिच्यातल्या मोकळ्या फटीत आहे. अमेरिकेतील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी 1851 साली हे ओळखले की साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट माश्या वाट म्हणून मोकळी सोडतात. त्याहून अरुंद फट त्या चिकट रोगणाने बुजवतात आणि रुंद फटीत पोळे बांधतात. ती फट राखून त्यांनी सुट्या चौकटींची पेटी केली आणि 1852 मध्ये तिचे पेटंट घेतले. पोळे न कापता एकेक चौकट उचलून पाहता येते ती यामुळेच, आणि म्हणून घरी पेटी बनवायची असेल तर मापांत हयगय चालत नाही.

जुन्या चौकटी आणि जुने पोळे मात्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. अळ्यांच्या एका जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू जुन्या साहित्यात अनेक दशके जिवंत राहतात.

पेटी किती वेळा उघडावी, आणि त्या वेळी मुलांनी काय करावे?

फुलोऱ्याच्या भरात सात ते दहा दिवसांनी एकदा, एरवी त्याहून कमी, आणि थंडीत शक्यतो नाहीच. ऊन पडलेली, वारा नसलेली, माश्या कामावर गेलेल्या असतील अशी वेळ निवडावी. ढगाळ, गार किंवा पावसाळी हवेत सगळ्या अनुभवी माश्या घरीच असतात आणि त्यांचे डोके ठिकाणावर नसते. अंगात फिक्या रंगाचे, गुळगुळीत सुती कपडे असावेत. काळे, लोकरीचे किंवा केसाळ कपडे आणि अत्तर टाळावे. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत.

पेटी उघडण्यापूर्वी प्रत्येकाचे काम ठरलेले असावे. उचलण्याचे काम मोठ्यांचेच, कारण मधाने भरलेली मोठी मधकोठी तीस-पस्तीस किलोंच्या पुढे जाऊ शकते. एका मुलाने वही धरावी, दुसऱ्याने प्रत्येक चौकटीवर काय दिसते ते मोठ्याने सांगावे, हळू आवाजात नव्हे, पण शांत आवाजात. या दोन्हींत फरक आहे आणि तो मुलांना पटकन समजतो. सगळा मामला पंधरा-वीस मिनिटांत आटोपावा. जो कंटाळेल त्याला केव्हाही मागे वळून चालत निघून जाण्याची मुभा असावी. पळण्याची मात्र नाही.

चौकट उन्हाकडे पाठ करून धरली की ऊन खांद्यावरून थेट पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडते आणि तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी अंडी दिसू लागतात. घराच्या तळावर सरळ उभे असलेले अंडे त्याच दिवशीचे असते, पुढे ते कलते आणि तिसऱ्या दिवसअखेर आडवे होते. मोठ्यांच्या आधी मुलांनाच ती दिसतात. राणी नजरेस पडली नाही तरी अंडी दिसली की पुरे: गेल्या तीन दिवसांत ती तिथे होती एवढे सिद्ध झाले, आणि राणीच्या शोधापायी पेटी तासभर उघडी ठेवण्याची गरज उरली नाही.

धुराने माश्यांना त्रास होत नाही का?

थोडा, थंड आणि पांढरा धूर दिल्यास होत नाही. धुरामुळे धोक्याचा गंध झाकला जातो आणि माश्या पोटभर मध पिण्याच्या मागे लागतात. धुराडे तापते, म्हणून ते मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये, आणि काम संपल्यावर पूर्ण विझल्याची खात्री करावी.

पेटी न उघडता मुलांना पाहण्यासारखे काय असते?

माझ्या मते पेटीतले जेवढे मुलांचे आहे, त्यातले बहुतेक दाराबाहेरच आहे. दाराच्या बाजूला, वाटेत न येता, दोन मीटरवर स्टूल टाकून बसावे. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे असतात: पिवळे, केशरी, मातकट, क्वचित जांभळट. कोणत्या आठवड्यात कोणता रंग आला हे मुलांनी रंगीत खडूने वहीत टिपले, तर दोन-तीन महिन्यांत परिसरातल्या फुलोऱ्याचा नकाशाच तयार होतो. पराग भराभर आत जात असेल, तर आत अळ्यांचे संगोपन चालू असल्याचे ते चांगले लक्षण असते.

दुपारी ऊन असताना अचानक बऱ्याच माश्या दाराकडे तोंड करून हवेत तरंगू लागतात. पाहणाऱ्याला वाटते की मोहोळ उठले. प्रत्यक्षात त्या नव्याने बाहेर पडलेल्या माश्या असतात आणि आपल्या घराची खूण पाठ करत असतात. थोड्या वेळात सगळे शांत होते. दारावरच्या पहारेकरी माश्या प्रत्येकीला हुंगून आत सोडतात. एखादी माशी मेलेल्या बहिणीला पायांत धरून अंगणाच्या टोकापर्यंत ओढत नेते. कामकरी माशी अंड्यापासून 21 दिवसांत, राणी 16 आणि नर 24 दिवसांत तयार होतो, हे एकदा माहीत झाले की मुले दिनदर्शिकेवर खुणा करून नव्या माश्यांची वाट पाहू लागतात.

नराला नांगीच नसते. टपोऱ्या डोळ्यांचा, बोथट शेपटीचा नर ओळखायला मुले शिकली की त्याला तळहातावर घेता येते. तो हातावर घूं-घूं करत फिरतो आणि त्या कंपनाची गुदगुली होते. माशीची भीती घालवण्याचा याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही, मात्र तो नरच आहे हे आधी मोठ्या माणसाने पाहून द्यावे.

राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका का असतो?

ती ओळखू यावी आणि तिचे वय कळावे म्हणून पाळणारे तो लावतात. वर्षाच्या शेवटच्या अंकावरून रंग ठरतो: 1 आणि 6 ला पांढरा, 2 आणि 7 ला पिवळा, 3 आणि 8 ला लाल, 4 आणि 9 ला हिरवा, 5 आणि 0 ला निळा. म्हणजे 2026 च्या राणीवर पांढरा ठिपका.

मध कधी मिळेल?

पहिल्या वर्षी मिळणार नाही असेच मुलांना सांगून ठेवावे. नव्या वसाहतीची ताकद पोळी बांधण्यात आणि संख्या वाढवण्यात जाते. आम्ही पहिल्याच वर्षी मुलांचे चेहरे पाहून दोन चौकटी काढल्या. फुलोरा सरल्यावर वसाहत उपाशी पडली आणि एका सकाळी पेटी रिकामी होती. तो मध संपवताना कोणाच्याच तोंडाला चव नव्हती.

दुसऱ्या वर्षीही माश्यांना पुरून उरेल तेवढाच घ्यावा, आणि तोही बहुतेक घरे मेणाने बंद झालेल्या चौकटींतून. कच्च्या मधात पाणी जास्त असते आणि तो आंबतो. एक कामकरी माशी सगळ्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग मध करते. हे कळल्यावर आमच्या घरी बरणीचे झाकण चाटून पुसून ठेवले जाऊ लागले.

एक वर्षाच्या आतील बाळाला मात्र आपल्या पेटीतला, ताजा, शुद्ध असा कोणताही मध चाटवू नये. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून ते लुळेपणा आणणारे विष तयार करतात.

साखरेचा पाक द्यावा का?

नव्या वसाहतीला आणि उपासमारीच्या काळात द्यावा. पोळे बांधणीच्या काळात साखर आणि पाणी समान वजनाने, साठ्यासाठी द्यायचा असल्यास साखर पाण्याच्या दुप्पट. पांढरी साखरच वापरावी आणि पाक संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवावा. बाहेर सांडला तर इतर वसाहतींच्या माश्या लुटायला येतात. विकतचा मध कधीही घालू नये, कारण त्यातून रोग येतात. मधकोठी चढवलेली असताना पाक दिल्यास मुलांना शेवटी साखरच खावी लागेल.

माश्यांचा थवा उठून झाडावर बसला तर?

वसाहत दाटीची झाली की जुनी राणी निम्म्या-अधिक माश्या घेऊन बाहेर पडते आणि जवळच्या फांदीवर घोस करून बसते. दृश्य भीतिदायक असते, पण त्या माश्यांना राखायला पोळे नसते आणि त्यांची पोटे मधाने भरलेली असतात, त्यामुळे त्या सहसा आक्रमक नसतात. मुलांना घरात घ्यावे, दगड मारू नये, पाणी उडवू नये, आणि जाणकाराला बोलावून थवा नव्या पेटीत घ्यावा. तपासणीत चौकटींच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबती राणीघरे दिसू लागली, तर हे घडण्याची ती आगाऊ सूचना असते.

रोग आणि शत्रू कोणते?

मेलिफेराच्या बाबतीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे व्हरोआ नावाचा तांबूस गोचीड. सातेरी हा त्याचा मूळ यजमान असल्याने ती त्याला बऱ्यापैकी तोंड देते. मेलिफेराची वसाहत उपचारांविना बहुधा टिकत नाही. गोचिडांची मोजणी नियमित करावी आणि औषध जाणकाराच्या सल्ल्यानेच द्यावे. मेणपतंग दुबळ्या वसाहतीत शिरतो, सशक्त वसाहत त्याला हुसकावते. वाकडे-चुरगळलेले पंख, मेलेल्या अळ्या किंवा पेटीतून येणारी कुजकी दुर्गंधी दिसल्यास मुलांना दूर ठेवून त्याच दिवशी सल्ला घ्यावा.

सगळे करूनही वसाहत मेली, तर मुलांना काय सांगावे?

जे झाले ते. अनुभवी मधमाशीपालकांच्याही वसाहती जातात. पेटी मुलांना घेऊनच उघडावी आणि मिळून पाहावे: मध शिल्लक होता का, मेलेल्या माश्या घरांत डोकी खुपसून होत्या का (तसे असेल तर बहुधा उपासमार), तळपाटावर गोचीड पडले होते का, शेवटची अंडी कधीची. वहीतल्या जुन्या नोंदी अशा वेळी उपयोगी पडतात. आमच्या रिकाम्या पेटीचे कारण सापडले ते मुलीने तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेल्या «आज पराग नाही» या ओळीत, जी मी तेव्हा वाचलीही नव्हती. कारण कळेपर्यंत पेटीचे तोंड बंद ठेवावे, म्हणजे दुसऱ्या माश्या येऊन उरलेला मध आणि त्यासोबत रोग घेऊन जाणार नाहीत.